पांढरं घर, निळा घुमट आणि सासूबाईंचे गुडघे

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते:

"ताई, मेच्या शेवटी आम्ही स्पेनला चाललोय. मी, नवरा, दोन मुलं (१४ आणि ९), सासूबाई (७१), सासरे (७६), आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून नणंद येऊन जॉइन होणार. अलिकांतेच्या पुढे अलतेआ म्हणून गाव आहे, तिथल्या जुन्या गावात एक तीन मजली घर बघितलंय, गच्चीतून समुद्र आणि चर्चचा निळा घुमट दिसतो, फोटो बघूनच मी वेडी झालेय. आठ रात्री. नवरा म्हणतो सरळ हॉटेल घे. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा दुखतो, पण त्या म्हणतात माझी काळजी करू नका, तुम्हाला आवडतंय ते घ्या. मालक फार गोड बोलतो. म्हणाला ॲपवरून बुक करण्यापेक्षा डायरेक्ट ट्रान्सफर करा, दहा टक्के कमी करतो, पण पूर्ण पैसे आधी आणि सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर. काय करू? मला ते घर हवंय गं. — गोंधळलेली, ठाणे"

अगं गोंधळलेली,

पहिली गोष्ट, पैसे पाठवलेस का? पत्रात लिहिलं नाहीस म्हणून विचारतेय. पाठवले नसशील तर आज पाठवू नकोस, उद्याही नको, बाकीचं निवांत वाच.

आता घराबद्दल. अलतेआ मला माहितीये, दोनदा गेलेय, आणि तुझं वेड मला पूर्ण कळतं. टेकडीच्या माथ्यावर ते चर्च, नुएस्त्रा सेन्योरा देल कोन्सुएलो, त्याच्या घुमटांवर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या कौलांची नक्षी, आणि त्याच्याभोवती खालपर्यंत उतरत गेलेली चुन्याची पांढरी घरं. संध्याकाळी ऊन कलतं तेव्हा ते निळं एवढं पेटतं की माणूस बोलायचं थांबतो. मेच्या शेवटी तिथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो, म्हणजे जेवायच्या आधी ती सगळी संध्याकाळ तुझी. तर घर सुंदर असणार यात मला शंकाच नाही. पण तू मला फोटोत काय दिसतं ते लिहिलंयस, पायऱ्या किती ते लिहिलं नाहीस. सहा-सात फोटो बघितलेस ना, त्यात एकात तरी जिना दिसला का? नसणार. जिन्याचा फोटो कोणी टाकत नाही.

ही घरं अशी का असतात ते आधी सांगते, म्हणजे मालकाला काय विचारायचं ते तुलाच सुचेल. या सगळ्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं समुद्रातून चाचे यायचे, म्हणून जुनी गावं टेकडीवर आणि तटबंदीच्या आत वसली. अलतेआत जुन्या वेशीची कमान, पोर्तल व्हेल, अजून आहे, तिच्याखालून चालत जाता येतं. तटाच्या आत जागा मोजकी, मग घर रुंद कसं होणार? ते वर वाढलं. पुढची भिंत एका खोलीएवढी, आणि एकावर एक खोल्या रचलेल्या, मधे चिंचोळा जिना, आपल्याकडच्या जुन्या वाड्यातला दादर आठव, तसाच, फक्त लाकडाऐवजी गुळगुळीत फरशी, आणि कठडा असला तर असला. याला तिकडे कासा दे पुएब्लो म्हणतात, गावातलं घर. म्हणजे तीन मजली घर वाचून तुला वाटतं केवढं मोठं, पण असं घर म्हणजे बहुतेक वेळा तीन खोल्या आणि दोन जिने, आणि गच्ची असली तर तिसरा.

मी आईला घेऊन अशाच एका घरात राहिलेय, त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावात, नाव नको. रात्री साडेदहाला पोचलो, टॅक्सीवाल्याने खाली चौकात उतरवलं कारण पुढे गाडी जातच नाही, आणि गोटे बसवलेल्या चढावर आम्ही दोन मोठ्या बॅगा ओढतोय, चाकांचा तो खडखडाट सगळ्या गल्लीत, वरच्या खिडकीतून एक आजीबाई वाकून बघतायत. किल्लीची पेटी दाराच्या गजाला लटकवलेली, तिच्यावरचे आकडे मोबाईलच्या उजेडात फिरवायचे. आत गेलो तर खाली हॉल आणि किचन, बाथरूम एकच, तीही दुसऱ्या मजल्यावर. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते आणि जिन्यावरून सरकल्यासारखा आवाज येतोय म्हणून बघितलं, तर आई बसत बसत खाली येत होती, एकेका पायरीवर हात टेकून, लहान मूल उतरतं तशी, आणि पुटपुटत मोजत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, सतरा आहेत. तिने तक्रार अजिबात केली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्यानंतर ती दिवसा एकदाच खाली यायची आणि रात्री एकदाच वर जायची, आणि पाणी कमी प्यायची. हे पाणी कमी प्यायचं मला फार उशिरा कळलं.

म्हणून तुझ्या सासूबाई "माझी काळजी करू नका" म्हणाल्या ना, त्याचा अर्थ तुला मी सांगायची गरज नाही, तुझ्याही लग्नाला पंधरा वर्षं झाली असतील. आणि सासऱ्यांचं तर तू लिहिलंच नाहीस. ७६ वर्षांचा माणूस रात्री दोन-तीन वेळा उठतो, परक्या घरात, अंधारात. झोपायची खोली आणि संडास एका मजल्यावर नसतील तर ते घर फुकट दिलं तरी घेऊ नको, हे माझं मत, आणि इथे मी ऐकून घेणार नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते कारण त्या पायऱ्यांएवढ्या महत्त्वाच्या नाहीत, पण सात माणसं एका घरात म्हणजे त्याही येणारच. डबल बेड लिहिलेला असेल तर रुंदी विचार. जुन्या स्पॅनिश घरांत डबल म्हणजे १३५ सेंटिमीटर असतो, साडेचार फुटाला थोडा कमीच, तू आणि नवरा त्यात मावाल पण भांडण झालं तर तोंड फिरवायला जागा नाही. गीझर कितीचा ते विचार, पन्नास लिटरची टाकी असेल तर तिसऱ्या माणसाला गार पाण्याने अंघोळ. आणि वीज. हे आपल्याला सुचत नाही. तिकडे प्रत्येक घराने वीज कंपनीकडून ठराविक किलोवॅटचा करार केलेला असतो, छोट्या घरांत साडेतीनच्या आसपासही असतो, आणि एकाच वेळी एसी, ओव्हन आणि गीझर लावले की फट्कन सगळं घर अंधारात. बिघाड झालेला नसतो, फक्त एक बटण खाली पडतं, काहीतरी बंद करायचं आणि ते वर करायचं. पण ते बटण कुठे आहे हे पोचल्या पोचल्या विचारून ठेव, रात्री टॉर्च घेऊन शोधू नकोस, आम्ही शोधलंय.

स्वयंपाकाचं म्हणशील तर शेगडी कसली ते विचार. इंडक्शन असेल तर तुझा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे नुसता बसून राहील, लोहचुंबक चिकटतो तेच भांडं चालतं. काही जुन्या घरांत अजून गॅसचा सिलेंडर असतो, केशरी रंगाचा, साडेबारा किलोचा, आपल्यापेक्षा थोडा लहान, सासूबाईंना तो बघून एकदम घरी आल्यासारखं वाटेल.

आता मालक. इथे दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या वेगळ्या कर.

पासपोर्टची माहिती मागणं यात काही वावगं नाही. स्पेनमध्ये २०२१ चा एक शाही हुकूम आहे, ९३३ नंबरचा, तो २ डिसेंबर २०२४ पासून घरं भाड्याने देणाऱ्यांनाही पाळावा लागतो, आणि त्यात पाहुण्यांची नावं, पासपोर्ट नंबर, पत्ता, फोन असं सगळं सरकारला कळवायचं असतं. तर तो माहिती मागणारच, चांगला मालकही मागेल. पण माहिती देणं वेगळं आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲपवर टाकणं वेगळं. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेनेच सांगितलंय की पूर्ण प्रत मागायची गरज नाही. नाव-नंबर फॉर्ममध्ये भर, आणि पासपोर्ट दारात दाखव. बास.

पैसे मात्र, अगं, दहा टक्क्यांसाठी? ॲपवरून पैसे भरलेस तर पोचल्यावर घरच नसलं, किंवा फोटोतलं घर नसलं, तर भांडायला कोणीतरी आहे. डायरेक्ट ट्रान्सफर केलास की ते पैसे गेले, आणि तू ठाण्यात बसून अलिकांतेच्या पोलिसात जाणारेस का? तो चोरच आहे असं मी म्हणत नाही हं. काही मालक खरंच कमिशन वाचवायला असं म्हणतात, आणि त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं तसंच करतात. पण तू नेहमीची नाहीस. आणि पूर्ण पैसे आधी, ॲपच्या बाहेर, आणि वर पासपोर्टचे फोटो, हे तिन्ही एकाच माणसाकडून आले की मी तरी फोन ठेवते.

खरंखोटं करायचं असेल तर त्याला परवान्याचा नंबर विचार. त्या भागात, म्हणजे व्हॅलेन्सिया प्रांतसरकारच्या हद्दीत, पर्यटकांना घर द्यायचं तर नोंदणी लागते, नंबर व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो आणि अलिकांते जिल्ह्यातला असेल तर शेवटी ए असतो. शिवाय १ जुलै २०२५ पासून देशपातळीवरचा एक वेगळा लांबलचक नंबरही ऑनलाइन जाहिरातीला लागायला लागला. खरा मालक एका मिनिटात दोन्ही पाठवतो, कारण त्याने ते मिळवायला डोकं फोडलेलं असतं. खोटा गोड बोलत राहतो. आणि हो, तिथे २०२४ पासून नियम आहे की पर्यटकांचं घर एकाच पाहुण्याला सलग दहा दिवसांपर्यंतच देता येतं, तुमच्या आठ रात्री त्यात बसतात, पण नणंद म्हणाली की अजून चार दिवस वाढवू, तर तेच घर चालणार नाही.

व्हिसाचाही विचार कर. तुम्हा सहा जणांना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा लागणार, नणंदेकडे नेदरलँड्सचं राहण्याचं कार्ड असेल तर तिला नाही. राहण्याचा पुरावा द्यावा लागतो, त्यावर सगळ्यांची नावं असलेली बरी, आणि व्हॉट्सॲपवरचं "येस मॅडम कन्फर्म" तिथे कामाचं नाही. मोठ्यांची फी ९० युरो, धाकट्याची ४५, ही परत मिळत नाही, मग व्हिसा नाकारला तर निदान घराचे पैसे तरी परत मिळायला हवेत, म्हणून ठराविक तारखेपर्यंत फुकट रद्द होणारं बुकिंगच घे. विमा निदान ३०,००० युरोचा लागतो, सासऱ्यांचं वय बघता तो आधी काढायला घे, आधीच्या आजारांचं काय ते नीट वाचून.

तर माझं म्हणणं असं. हे घर सोड. म्हणजे हा मालक तर सोडच, पण घरही सोड. नवऱ्याचं ऐकून हॉटेलही घेऊ नको, सात माणसांच्या चार खोल्या, आणि सकाळी चहासाठी सगळ्यांनी कपडे बदलून खाली जायचं, सासऱ्यांना ते मुळीच रुचणार नाही. अलतेआतच राहा, पण खाली. समुद्राच्या कडेला सपाट फरसबंदी रस्ता आहे, तिथे लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये तीन बेडरूमचा फ्लॅट बघ, बाल्कनीतून समुद्र मिळेल, घुमटही कुठून कुठून दिसतो. किनारा गोट्यांचा आहे बरं का, वाळूचा नाही, मुलांना पाण्यात घालायचे रबरी बूट घे आणि सासूबाईंना बाकावर बसव. सकाळी दोघं सासू-सासरे तुमच्याशिवाय, तुमची वाट न बघता, फिरून येऊ शकतील. वरच्या घरात ते कैदी झाले असते.

ट्रामचं स्टेशनही खालच्या भागात आहे, तिथून एका बाजूला बेनिदोर्म, दुसऱ्या बाजूला काल्पे, जिथे समुद्रातून एकदम ३३२ मीटर वर आलेला तो पेन्योन दे इफाकचा कडा आहे, मोठा मुलगा तुमचं ऐकत नसेल तर त्याला तो दाखवा. अलिकांते शहरातून यायचं तर बेनिदोर्मला ट्राम बदलावी लागते, आणि विमानतळावर ट्राम येतच नाही, तेव्हा पहिल्या दिवशी बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन हा शहाणपणा करू नका, साधारण साठ किलोमीटर आहे, मोठी टॅक्सी आधी सांगून ठेवा.

आणि जुनं गाव? एका संध्याकाळी सगळे वर जा. गाडी मागच्या बाजूने कुठपर्यंत चढते ते टॅक्सीवाल्याला विचारा, तिथून हळूहळू चर्चच्या चौकात, सासूबाईंना एका खुर्चीत बसवा, समोर कॉफी. जेवायची घाई करू नका, साडेआठच्या आधी बरीच किचन उघडतच नाहीत. शाकाहारी असाल तर एक सांगते, सँडविचचं नाव वेजेताल असलं तरी आत बऱ्याचदा ट्यूना मासा निघतो, माझ्या आईने अर्धं खाल्लं आणि मग म्हणाली हे कसलं गं पनीर. विचारून घ्या. पाव-टोमॅटो, तळलेल्या मिरच्या, भाजलेल्या वांग्या-ढोबळीचं एस्कालिवादा, यात पोट भरतं.

तुला गच्ची हवीच असेल, आणि मला माहितीये तुला हवीये, तर दोन रात्री तू आणि नवरा वर कुठेतरी एक खोली घ्या. नणंद आहे ना खाली, तिचे आईवडील आहेत, मुलांची आत्या आहे, वर्षभराने भेटतेय, तिलाही ते हवंच असेल. कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर माझं नाव सांग. तुम्हा दोघांना सतरा पायऱ्या काय, सत्तर चढायला लावल्या तरी चालतील, आणि १३५ सेंटिमीटरचा बेडही चालेल.

मालकाला आज एवढंच लिही: परवान्याचे दोन्ही नंबर पाठवा, दारापासून बाथरूमपर्यंत पायऱ्या किती ते सांगा, जिन्याचा व्हिडिओ पाठवा, आणि बुकिंग ॲपवरूनच होईल. घर घ्यायचं नसलं तरी लिही, उत्तर काय येतं ते मला कळव, मलाही उत्सुकता आहे.

अजून एक राहिलं. मेचा शेवट म्हणजे सासूबाई नणंदेसाठी हापूस घेणार, मला खात्री आहे. सामानातून नेता येत नाही, ताजी फळं युरोपात न्यायला सर्टिफिकेट लागतं, नारळ-केळी सोडून. साजूक तूप आणि पेढेही नको, दुधाचं काही चालत नाही. कढीपत्ताही काढून ठेवा बॅगेतून. मेतकूट न्या, गोडा मसाला न्या, पोहे न्या. आंबे तुम्ही निघायच्या आधी ठाण्यातच खाऊन घ्या आणि नणंदेला फोटो पाठवू नका.

— ताई